डाव्या हाताचा मळ

फोटोशॉप ७ आले २००२ साली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे गावोगावच्या फोटो स्टुडिओंत तेच ठाण मांडून होते. नव्या आवृत्त्या येत-जात राहिल्या, स्टुडिओवाल्यांना त्यांचे सोयरसुतक नव्हते. हात बसला होता ना, मग झाले.

तो हात बसवणे हाच तेव्हा शिक्षणाचा मुख्य भाग. क्लासात फी भरून जे मिळायचे ते मेनूंची ओळख एवढेच. शॉर्टकटचा झेरॉक्स तक्ता मॉनिटरच्या बाजूला चिकटवलेला असे, पण तो वाचून कोणी शिकल्याचे मला आठवत नाही. खरे शिकणे व्हायचे सिनियरच्या मागे स्टूल टाकून बसल्यावर. उजवा हात माउसवर, तो सगळ्यांना दिसतो. पाहायचा तो डावा. तबलजीचा डग्ग्यावरचा हात पाहावा तसा. एस म्हणजे स्टॅम्प, जे म्हणजे हीलिंग ब्रश, चौकोनी कंसांनी ब्रश लहान-मोठा, एक्सने पुढचा-मागचा रंग उलटापालटा, स्पेसबार दाबून फोटो हवा तिकडे सरकवायचा. आमच्या स्टुडिओतले अण्णा शिकवताना टॅब दाबत. टूलबॉक्स, पॅलेट, सगळे गायब. पडद्यावर नुसता फोटो. “आता काप नवरदेवाला,” म्हणत आणि चहा प्यायला निघून जात.

नवरदेव कापणे म्हणजे मागचा मांडव काढून त्याला अल्बमच्या रंगीत पार्श्वभूमीवर बसवणे. फेटा, शेरवानी यांचे काही वाटायचे नाही. घाम काढायच्या त्या मुंडावळ्या. गालांवरून लोंबणारे मोती, प्रत्येक मोत्याभोवती पेन टूलने वळसा, आणि दोन सरींमधून मागचा पडदा दिसतोच आहे. पाथ पुरा झाला की कंट्रोल एंटर, कंट्रोल ऑल्ट डी, एक पिक्सेल, एंटर, कंट्रोल जे. एवढे अण्णांची बोटे एका दमात वाजवायची. लग्नसराईत रात्री दोन वाजता हेच वाजत असे. मनगट आणि मान यांनी पुढे त्याची वसुली केली, तेही सांगायला हवे.

पासपोर्ट फोटोचे तंत्र मात्र मला अजून देखणे वाटते. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो कापायचा, बारीक काळी चौकट द्यायची, त्याचा पॅटर्न करायचा आणि ४ बाय ६ इंची कोऱ्या पानात तो भरायचा. आठ फोटो बरोबर बसतात. एकदा हे सगळे अॅक्शनमध्ये रेकॉर्ड करून एखाद्या एफवाल्या बटणावर ठेवले, की गिऱ्हाईक केस विंचरून आरशासमोरून वळेपर्यंत प्रिंट सुटलेली असायची. कॉलेजची पोरे तोंडात बोट घालत. आम्हीही अंमळ ऐटीतच बटण दाबायचो.

फजितीचा एक ठरलेला प्रकारही होता. टेक्स्ट टूल चालू आहे हे विसरून व्ही दाबायचा. टूल बदलण्याऐवजी मजकुरातच एक अक्षर घुसायचे. भाऊ-दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असे उपरे अक्षर चौकात आठवडाभर झळकलेले अनेकांनी पाहिले असेल.

आता ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ म्हटले की नवरदेव मुंडावळ्यांसकट बऱ्यापैकी सुटा होतो. २०१० मध्ये कंटेंट-अवेअर फिल आले, २०२३ मध्ये जनरेटिव्ह फिल. मागे डोकावणारा काका काढून टाका असे लिहायचे, काका जातो आणि त्याच्या जागी मांडवाचा झालरीचा पडदाही येतो. मोत्यांभोवती फिरलेल्या माणसाला याचे वाईट वाटायचे कारण नाही.

पण एक फरक मला जाणवतो. शॉर्टकटने वेळ वाचायचा, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोळे फोटोवरून हलत नसत. त्याआधीचे रिटचर निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या हलक्या करत, तेव्हाही नजर त्या चेहऱ्यावरच असे. पेन्सिल गेली, कीबोर्ड आला, तरी नजर तिथेच राहिली. कोणती सुरकुती ठेवायची आणि कोणती नाही, हे काम करता करताच ठरायचे. आजचा मुलगा आज्ञा लिहितो, थांबतो, आलेल्या तीन नमुन्यांतला एक निवडतो. आजीचा चेहरा तिन्हींत गुळगुळीत असतो.

कंट्रोल झेडचेही तसेच. पूर्वी तो दोनदा दाबला की बदल जायचा आणि परत यायचा. तो टकटक वाजवत आम्ही आधीचा आणि नंतरचा चेहरा ताडून पाहायचो. २०१८ च्या अखेरीस कंपनीने ती चाल बदलली. आता प्रत्येक दाबाला काम एकेक पायरी मागे जाते. मात्र शॉर्टकटच्या खिडकीत जुनी पद्धत परत लावायची सोय त्यांनी ठेवली, आणि माझ्या मशीनवर तिथली खूण कायम आहे. हाताखालचा मुलगा त्या मशीनवर बसला की कंट्रोल झेड दाबत सुटतो. काम मागे जाते, पुढे येते, मागे जाते, पुढे येते. “काका, तुमचं मशीन हँग झालंय,” तो ओरडतो आणि रीस्टार्ट करू लागतो.