मॅडमला माहीत नसलेलं

आमच्या सांगोल्याकडच्या मुलांनी लिहिलेला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ एकदा वाचावाच. आभाळात काळे ढग दाटून येतात, विजा कडाडतात, धरणीमाता हिरवा शालू नेसते, ओढ्याला पूर येतो आणि बेडूक डराव डराव करतात. अख्खा जून कोरडा गेलेल्या गावची ही मुलं. ज्यांच्या वाडीवस्तीवर पाण्याचा टँकर आला की निबंध टाकून कळशी घेऊन पळायचं, त्यांच्या वहीत हा पूर! पोरं खोटं बोलत नसतात. निबंधात पाऊस असाच पडायचा असतो, अशी त्यांची पक्की समजूत असते. ती गाईडातून येते, आणि खरं सांगायचं तर आम्हा मास्तर लोकांच्या फळ्यावरूनही येते.

म्हणून विषय निवडताना मी एवढंच बघते, की त्यातलं मला काही कळत नसावं. मी शहरात वाढले. डाळिंब मला माहीत होतं ते दाणे सोलून वाटीत घातलेलं. हा तालुका मात्र डाळिंबाचा. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार या हंगामांतला फरक सातवीतलं पोरगंसुद्धा चालता चालता सांगतं. मग मी फळ्यावर लिहिते: बागेला ताण कसा देतात? लाईट रात्रीची असली की मोटर कोण चालू करतं? तेल्या रोग पडल्यावर घरात काय होतं? मला माहीत असलेलंच मला परत सांगायचं म्हटलं, की मुलं माझ्या आवडीचा अंदाज बांधत बसतात. या बाईला खरोखरच काही ठाऊक नाही, हे कळलं की मात्र त्यांना चेव येतो.

आठवीतल्या एका मुलीनं ताणावर लिहिलं. पहिल्या खेपेला चारच वाक्यं: बागेला ताण देतात. पानं गाळतात. पाणी सोडतात. कळी निघते. मी लाल पेन वापरत नाही. समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिते. ताण देतात म्हणजे नेमकं काय करतात? झाड मरत नाही? पाणी कधी सोडायचं हे कोण ठरवतं? वही हातात घेऊन ती माझ्याकडं बघतच राहिली. “मॅडम, खरंच म्हाईत न्हाई तुमाला?”

दुसऱ्या खेपेला दीड पान आलं. पाणी तोडलं की पानं पिवळी पडतात. अप्पा सकाळी चहाच्या आधी बागेत जातात आणि फांदी वाकवून बघतात. आई म्हणते, झाडं वाळून जातील, सोडा आता पाणी. अप्पा ऐकत नाहीत. ताण कमी बसला तर कळी कमी निघते, जास्त झाला तर झाडच जातं. त्या दिवसांत अप्पांशी घरात कुणी जास्त बोलत नाही. आणि मग हे वाक्य: ‘सहलीचं पैसं मी पाणी सोडल्यावर मागितलं.’ याला मी हात लावला नाही. ‘पैसं’चं ‘पैसे’सुद्धा केलं नाही, ते परीक्षेच्या आधी बघता येईल.

लिहिलेलं वर्गात मोठ्यानं वाचायचं, आणि ऐकणाऱ्यांनी ‘छान’ म्हणायचं नाही, फक्त विचारायचं, असा आमचा रिवाज आहे. तिचं वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एकजण उसळलाच, “आमच्यात एवढं दिवस न्हाई लागत!” एरवी हा दोन ओळींच्या पुढं पेन सरकवत नाही. मग भांडण जुंपलं. त्याचं रान हलकं, मुरमाड. तिथं ताण लवकर बसतो. हिचं काळं, भारी. तिथं ओल टिकते. दोघंही खरं बोलत होते. मी म्हटलं, मला हे पटवून दे, पण लिहून. त्यानं दीड पान काही लिहिलं नाही, पण वडिलांनी खड्डा खणून मुरूम दाखवला होता, तेवढं लिहिलं.

असं लिहून परीक्षेचं काय, याची पालकांना धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. दहावीला मराठीच्या ८० गुणांच्या पेपरात २४ गुण उपयोजित लेखनाचे असतात. पत्राचा मायना, बातमीचा मथळा, जाहिरात हे सगळं मी शिकवते. त्याला फार दिवस लागत नाहीत. ज्याला सांगायचं काय ते सापडलंय, त्याला चौकट चटकन जमते; उलटं होताना मी तरी पाहिलेलं नाही.

नववीला मी एक शाळकरी निबंध वाचून दाखवते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ते तिनं स्वतः सोसलेलं होतं. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचं काय होत असेल, असं ती विचारते. आमचा धर्म कोणता ते कळव, असं ती देवालाच विचारते. त्यातही पाऊस आहे, पण बेडूक नाहीत, शालू नाही.

यंदा वाचून झाल्यावर “गुण किती पडले तिला?” असं एकानं विचारलं. वर्ग हसला. मग मी निबंधाच्या प्रती वाटल्या आणि समासात तिलाच प्रश्न लिहायला सांगितले, मी तुमच्या वहीत लिहिते तसे. काय काय आलं! शाळेला येताना वाटेत कुणी अडवायचं का? कागद कुणी आणून दिला? छापलेलं आईला वाचून दाखवलंस का? आता नववीत आलेल्या त्या मागच्या बाकावरच्या पोरानंही एक लिहिला, नेहमीसारखा तोकडा: ‘छापून आल्यावर मारलं का कुणी?’