भरवशाचं कासव

अकरावीला अनंत भूमितीय श्रेढी शिकवताना मी हमखास अकिलीस आणि कासवाची शर्यत सांगायचो. ग्रीक पुराणकथांतला तो चपळ वीर सेकंदाला 10 मीटर धावतो, आपलं कागदावरचं कासव 1 मीटर. कासवाला 100 मीटरची आघाडी. अकिलीस ते 100 मीटर कापेपर्यंत कासव 10 मीटर पुढे, ते 10 कापेपर्यंत आणखी 1. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला एलियाचा झीनो म्हणे, तो कासवाला कधीच गाठणार नाही. मग मी फळ्यावर 100 + 10 + 1 + 0.1… मांडून सुमारे 111.11 मीटरवर गाठ घालून द्यायचो. वर्ग खूश, मी त्याहून खूश.

घोळ पुढच्या वाक्यात होता. “पदं लहान लहान होत गेली की बेरीज आटोक्यात राहते,” असं मी ठोकून द्यायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, मग 1 + 1/2 + 1/3 + 1/4… ही बेरीज किती?”

“येईल काहीतरी ठरावीक.”

“पण का?”

“नियमच आहे तसा.” ती गप्प बसली.

घरी बेरीज मांडली आणि घाम फुटला. 1/3 + 1/4 अर्ध्याहून जास्त. 1/5 ते 1/8 ही चार पदंही अर्ध्याहून जास्त. पुढची आठ, त्यापुढची सोळा, प्रत्येक गट अर्ध्याहून अधिक भर घालतोच. म्हणजे बेरजेला मर्यादाच नाही. पण ती वाढते इतकी सावकाश, की दहा लाख पदांनंतरही 14.4 च्या आतच. फ्रान्सच्या निकोल ओरेमनं अशीच गटवारी करून चौदाव्या शतकात हे सिद्ध केलं होतं. शर्यतीत प्रत्येक पद आधीच्याच्या एक दशांश होतं, म्हणून निभावलं. नेमकं तेच मी गोष्टीच्या नादात सांगितलं नव्हतं.

“नियमच आहे” या उत्तराचा समाचार लुइस कॅरलनं 1895 मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात घेतलाय. त्याचं कासव दोन विधानं मान्य करतं, निष्कर्ष मात्र नाही. “ही दोन्ही खरी, तर निष्कर्षही खरा” असं तिसरं विधान अकिलीस वहीत लिहितो. कासव तेही मानतं आणि चौथं लिहायला लावतं. वही भरत जाते, निष्कर्ष तिथंच. नियम लिहून दिला म्हणून तो पटत नाही.

पुढच्या तासाला मी दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडल्या आणि आधीचं वाक्य मागे घेतलं. शिक्षकमित्रांनो, अकिलीसची गोष्ट जरूर सांगा. पण ती जिथं लागू पडत नाही ते उदाहरणही त्याच तासाला द्या.