उन्हाळा काढणं

‘एस्टिव्हेशन’ हा शब्द मला अकरावीच्या वनस्पतिशास्त्रात पहिल्यांदा भेटला, तो कळीच्या निमित्तानं. जास्वंदीच्या कळीत पाकळ्या पीळ घातल्यासारख्या एकमेकींवर येतात, रुईच्या कळीत नुसती कडेला कड लागते; त्या मांडणीचं हे नाव. पुढं प्राणिशास्त्रात तेच नाव गोगलगायीच्या झोपेला लागलेलं दिसलं. मूळ क्रियापद ‘एस्टिव्हेट’, म्हणजे उन्हाळा काढणं. लॅटिनमध्ये ‘एस्तास’ म्हणजे उन्हाळा. त्याच्या मुळाशी पेटण्याचा धातू आहे, आणि आपले समिधा, इंधन हे शब्द त्याच कुळातले. हे वाचलं त्या दिवशी फार आनंद झाला. भंडाऱ्याचा मे महिना सोसलेल्या माणसाला उन्हाळ्याचं जाळाशी असलेलं नातं वेगळं सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यापुरतं दुसरीकडं जाऊन राहणं, हाही त्या क्रियापदाचा अर्थ. मध्य प्रांताचे गोरे साहेब पचमढीला जात, ते हेच. त्याच दिवसांत आमच्याकडं मोहफुलं वेचायची, मग तेंदूपत्ता तोडायची धांदल. इथल्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला हे क्रियापद कधी आलंच नाही. ते आलं तलावाच्या वाट्याला.

कोहळी समाजातल्या लोकांनी पाळी, म्हणजे बांध, घालून बांधलेले आमच्याकडचे हे तलाव. 1951 साली मालगुजारी गेली आणि ते माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. एप्रिलपासून पाणी मधोमध आटत जातं, तळाला भेगा पडतात आणि परका माणूस म्हणतो, तलाव मेला. पण चिखलात पायला गोगलगाय शंखाचं तोंड झाकणानं घट्ट मिटून पडलेली असते. तिला कल्ला असतो, तसंच हवेवर चालणारं फुप्फुसही. म्हणून ती पाण्यावाचून महिनोन्‌महिने तगते. बेडूक खाली असतात. हवा घेणारी मरळही ओल्या गाळात दिवस काढते. इथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

पूर्वी लोक बैलगाडीनं गाळ नेत, शेताला लागेल तेवढाच. आता जेसीबी दोन-चार दिवसांत सगळा तळ खरवडतो. तलाव खोल व्हायला हवेत, धानाला पाणी हवंच. त्याला माझा विरोध नाही. पण खोलीकरणाचा विषय ग्रामसभेत निघाला की मी उठून सांगते, आधी ढिवरांना विचारा आणि ते दाखवतील तो ओला भाग सोडून खोदा. पावसाळ्यातली मरळ तिथूनच यायची आहे.