किर्लोस्करवाडी, व्हाया कटगुण

ऑफिसात नवीन कोणी आलं, की पहिल्या चहालाच प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ त्यामागचा खरा प्रश्न कोणता, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. पण आडनाव म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. खात्री करायची तर एखाद्या वीकेंडला गाडी काढा नि सातारा-सांगली गाठा.

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत खटाव तालुक्यातल्या कटगुणला जा. महात्मा फुल्यांचं हे मूळ गाव. पण इथून जे घराणं बाहेर पडलं, ते ‘फुले’ नव्हतंच. ते होते गोऱ्हे, गावचे चौगुले. चरित्रकार सांगतात, की कुलकर्ण्याशी बिनसलं आणि जोतीरावांच्या पणजोबांनी गाव सोडलं. पुढे पुण्यात घराण्याने फुलांचा धंदा धरला, अगदी पेशव्यांच्या वाड्यापर्यंत फुलं पोचवली, आणि लोकांनीच त्यांना ‘फुले’ करून टाकलं. म्हणजे १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाचं आडनाव फार तर दोन पिढ्यांचं! इंग्रजांतला स्मिथ तरी कोण? लोहारच की.

याच तालुक्यात औंध. यमाईचं देऊळ आणि चित्रांचं म्युझियम चुकवू नका. इथले संस्थानिक पंतप्रतिनिधी मूळचे कोरेगावजवळच्या किन्हईचे कुलकर्णी. छत्रपतींच्या दरबारात परशुराम त्र्यंबकांना प्रतिनिधिपद मिळालं आणि हुद्दाच आडनाव झाला. (आपल्यात उद्या कुणी ‘टीमलीडर’ लावलं तर हसू नका, राव.)

आता सांगलीकडे वळा. बेळगावात बस्तान हललेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात, कुंडलजवळ जागा दिली. बत्तीस एकर माळ, नुसतं निवडुंग आणि साप. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगर बाहेर पडू लागले, घरं झाली, शाळा झाली. कोकणात मालवणकडे किर्लोस नावाचं गाव आहे, त्यावरून हे किर्लोस्कर. गावाने माणसाला नाव दिलं आणि माणसाने ते घाट चढवून पुन्हा एका गावाला देऊन टाकलं! पुणे-मिरज लाइनवर कुंडल रोड होतं, त्या स्टेशनवरही मग किर्लोस्करवाडीचीच पाटी लागली.

इथल्या एखाद्या पोराने बाहेरगावी जाऊन ‘किर्लोस्करवाडीकर’ लावलं तर? फॉर्मवरच्या चौकटी पुरायच्या नाहीत, एवढंच.