वजन आणि घाट

मराठी समीक्षेत 'वजन' हा शब्द गौरवाचा आहे. शब्दाला वजन असते, मताला वजन असते. गझलेच्या परंपरेत तर छंदाच्या मापालाच वजन म्हणतात. हाच शब्द देहाला लागला की मात्र त्याचा गौरव संपतो. आमच्यापैकी एक ११२ किलोंचा, दुसरा १०४ किलोंचा. दोघेही पंचेचाळिशीच्या आसपासचे, साहित्यशास्त्र शिकवणारे, आणि दोघांच्याही रक्तातील साखरेने मर्यादा ओलांडलेली. धावणे गुडघ्यांना सोसणारे नव्हते. डॉक्टरांनी सायकल सुचवली तेव्हा प्रश्न उभा राहिला : हा भार कोणत्या द्रव्याची फ्रेम पेलेल?

एका दुकानदाराने सल्ला दिला, "सर, आधी थोडं वजन उतरवा, मग सायकल घ्या." पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नये, अशातला हा प्रकार. स्थूल माणसाने रस्त्यावर दिसूच नये, ही अपेक्षा अशा सल्ल्यांतून किती सौजन्याने व्यक्त होत असते! त्यामागे फ्रेम मोडण्याची भीतीही होती, हे मान्य. पण भीती तपासून पाहता येते. आम्ही ती तपासली.

पोलाद, टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांची घनता अनुक्रमे सुमारे ७.८, ४.५ आणि २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ताठरपणा दर्शवणारा यंग गुणांक सुमारे २००, ११० आणि ७० गिगापास्कल. भागाकार केला तर तिन्ही उत्तरे पंचविसाच्या आसपास येतात. म्हणजे वजनाच्या प्रमाणात तिन्ही धातू जवळपास सारखेच ताठ! मग फरक पडतो कशाने? नळीच्या घाटाने. तेवढ्याच धातूची पातळ नळी दुप्पट व्यासाची केली, तर तिची भिंत निम्मी होते, पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे चौपट होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या जाडजूड दिसतात त्या यामुळेच. आशय आणि घाट यांचा वाद वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आम्हांला तो सायकलीच्या नळीत भेटावा, याची मौज वाटली.

खरा भेद आहे तो स्मृतीचा. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला, तर तो कितीही वेळा आला तरी धातू त्याची नोंद ठेवत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. लहानसहान हिसकेही साठत जातात. म्हणूनच त्याच्या फ्रेम मुळातच अधिक भक्कम बांधाव्या लागतात, आणि चांगल्या बांधलेल्या फ्रेम टिकतातही. कार्बनचे सामर्थ्य तंतूंच्या दिशेत असते. ज्या दिशेचा भार रचनाकाराने कल्पिला, त्या दिशेला तो अजोड. पण आघातानंतरची इजा आतल्या थरांत दडून राहू शकते. पोलादाला चीर गेली तर कुशल कारागीर ती जोडू शकतो. अ‍ॅल्युमिनियमला जोडकामानंतर बहुधा पुन्हा उष्णतेचे संस्कार द्यावे लागतात.

या विचारात असताना आणखी एक गोष्ट ध्यानी आली. भारी स्वाराच्या सायकलीत फ्रेमच्या आधी बहुधा मागच्या चाकाचे आरे तुटतात. तेव्हा ३६ आऱ्यांचे, हाताने नीट ताणलेले चाक आणि रुंद टायर यांना द्रव्याच्या चर्चेहून अधिक महत्त्व आहे. शिवाय उत्पादकाने दिलेली भारमर्यादा पाहावी, आणि ती केवळ स्वाराची आहे की सायकल-सामानासह, हेही विचारून घ्यावे.

आम्ही दोघांनी क्रोमोली पोलाद निवडले. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत फ्रेम किलोभर जड पडली असेल. स्वार आणि सायकल मिळून सव्वाशे किलोंच्या हिशेबात तो एक टक्काही नाही. हलकेपणाचे स्तोत्र गाणाऱ्या जाहिरातींचा अभिप्रेत वाचक साठ किलोंचा असतो. त्या संहितेत आपल्याला जागा नाही, हे उमगल्यावर तिच्याबाहेर उभे राहून निवड करणे सोपे गेले. सायकल हे सडपातळांना मिळणारे पारितोषिक नव्हे. आज आहे तो देह, आहे त्या वजनासह, वाहून नेणे एवढेच तिचे काम. आणि ते ती करते आहे.