देणी आधी, येणी नंतर

सांगली

प्रिय सुमे,

तुझा निरोप मिळाला. ‘पैसे पाठवू का?’ एवढं विचारलंस, त्यानेच मला धीर आला. पण नको गं, जमलंय. कसं जमलं ते लिहूनच कळवते, फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की मूळ मुद्दा राहूनच जातो.

झालं असं, आमच्या संस्थेने सगळ्या शिक्षकांचे पगार एकदम दुसऱ्या बँकेत वळवले. जुन्या बँकेत पगाराच्या खात्यावर मला दीड लाखाचा ओव्हरड्राफ्ट होता आणि त्यातले साठेक हजार उचललेले होते. पगार यायचा बंद झाला, आणि एके दिवशी मोबाइलवर मेसेज: मर्यादा रद्द, येणे बाकी भरा. आधी ना फोन, ना पत्र. शाखेत गेले तर साहेबांनी मंजुरीपत्र काढून एका ओळीवर बोट ठेवलं, ‘मागणी करताच परतफेड’. खाली सही माझीच!

त्यात आणखी एक गंमत. वरच्या खोलीचं भाडं त्याच खात्यात यायचं. ते आलं, उणे शिल्लक तेवढ्याने कमी झाली आणि पैसे गडप. काढायला गेले तर एटीएमने ठेंगा दाखवला. म्हणून सगळ्यात आधी भाडेकरूला नव्या बँकेचा खाते क्रमांक दिला. अशा वेळी येणारा पैसा आधी सुरक्षित जागी वळवायचा, मग देण्यांचं बघायचं.

रात्री स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि ओट्यावर ठेवलं. दुधाच्या खाड्यांच्या मधूनमधून मीच लाल पेनाने लिहिलेलं होतं: 3 ला एलआयसी, 5 ला घराचा हप्ता, 7 ला एसआयपी, 10 ला वीजबिल. आणि पगार? कधी 4 ला, कधी 12 ला. ते पान बघता बघता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्षाचा हिशेब धरला तर आमचं उत्पन्न खर्चाला पुरतं. अडतं ते महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस, आणि तेवढेच दिवस ओव्हरड्राफ्ट झाकत होता. मग साठ हजारांचा धसका घेऊन बसण्यापेक्षा एकेक तारीख हलवायला घेतली.

घराचा हप्ता आधी, कारण तो परत गेला की दोन्हीकडून दंड बसतो आणि सिबिलवर डाग पडतो. नव्या बँकेचं मँडेट नोंदवायला काही दिवस जातात, म्हणून त्या महिन्याचा हप्ता कर्ज देणाऱ्या संस्थेत जाऊन स्वतः भरला आणि पुढची तारीख 15 करून मागितली. एलआयसीच्या मासिक हप्त्याला 15 दिवसांची सवलत असतेच, ती वापरली. एसआयपी दोन महिने थांबवली. फंडवाले त्याचा दंड लावत नाहीत, पण खात्यात पैसे नसताना चालू ठेवली तर बँक लावते.

हप्त्यासाठी पैसे कुठून आले? भिशीतून! आमच्या भिशीत माझा नंबर दिवाळीनंतरचा होता. शेजारच्या काकूंनी त्यांचा मला दिला, माझा स्वतः घेतला. कोणी कारणही विचारलं नाही. क्रेडिट कार्डावर रोख काढायचा सल्ला एका सहकाऱ्याने दिला होता, तो मात्र मी कानाआड केला. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, तेही महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात. एक भोक बुजवायला दुसरं मोठं पाडायचं कशाला?

राहिली बँक. तिथे तोंडी बोलून उपयोग नसतो. अर्ज लिहिला: पगाराचं खातं बदललं, कर्ज बुडवायचं नाही, हप्ते करून द्या. शिवाय कर्ज परत मागण्याआधी करारात ठरल्याप्रमाणे, आणि करारात काही नसेल तर वाजवी मुदतीची नोटीस द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2003 सालीच बँकांना सांगून ठेवलंय, त्याचीही नम्रपणे आठवण करून दिली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलले नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायला तीच पोच लागते. पण वेळ आली नाही. साहेब आधी ‘बघू’ म्हणाले, मग हप्ते बांधून दिले. त्यांनाही ते सोयीचंच. 90 दिवस खातं मर्यादेबाहेर राहिलं की थकीत कर्जात जातं, आणि मग उत्तरं त्यांना द्यावी लागतात.

गंमत म्हणजे हे ओव्हरड्राफ्टचं खूळ तुझ्याच गावचं! 1728 मध्ये एडिंबरात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला खात्यात असतील त्यापेक्षा हजार पौंड जास्त उचलायची मुभा दिली, तिथून ओव्हरड्राफ्ट सुरू झाला म्हणतात. त्याचंही दुखणं माझंच: देणी आधी, येणी नंतर.

आता तुझ्या लेकीचं. विद्यार्थी म्हणून तिला बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट आहे, असं तू म्हणाली होतीस. पदवी हातात पडली की ती सवलत हळूहळू काढून घेतात, आणि मग तुमच्याकडचा नेहमीचा दर लागतो. तो चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो म्हणे! बिनव्याजी मुदत कधी संपते ते तिला आत्ताच बघायला सांग, आणि त्याच्या आधी बँकेत जाऊन बोलायला सांग. मेसेज आल्यावर गेलं की आपण याचक ठरतो.

भावजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझी,
वसू

ता. क. एडिंबराहून भिशीत भाग घेता येईल का, असं काकू विचारत होत्या. मी सांगून टाकलं, येईल, पण दर महिन्याला भजी तळायला हजर राहायची अट आहे.