कच्चा पाव आणि मुकं गिऱ्हाईक

कच्चा पाव परत करणारं गिऱ्हाईक बीड जिल्ह्याच्या आठवडी बाजारात सहसा दिसत नाही. गेवराई असो की केज, लादी वरून छान तांबूस, चकचकीत असते. मोडली की आत पांढरट ओल. मधला भाग चिमटीत धरला तर त्याची गोळी होते आणि ती बोट सोडत नाही. भाजलेल्या गव्हाऐवजी ओल्या खमिराचा आंबूस वास येतो. लोक तो पाव चहात बुडवून संपवतात आणि पुढच्या बाजारी पुन्हा तोच घेतात. याच माणसांच्या ताटात काठाला जरा कच्ची राहिलेली भाकरी वाढून पाहावी. पहिल्या घासाला कळतं, दुसऱ्या घासाला बोललं जातं. पीठ जुनं झालं, त्याची विरी म्हणजे चिकटपणा गेला, पाणी पुरतं उकळलं नव्हतं, तवा तापायच्या आत टाकली, आर कमी पडला: चुलीकडे न बघता दोष सांगणारी माणसं या जिल्ह्यात घरोघर आहेत. जीभ एकच, मग न्याय दोन का? माझं म्हणणं असं की पाव कच्चा राहण्यात भट्टीचा दोष थोडा आणि गिऱ्हाइकाच्या अजाणपणाचा जास्त आहे.

भाकरीला लपवाछपवी जमत नाही. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून उकळतं पाणी घालून पिठातला स्टार्च फुलवावा लागतो, तेव्हा कुठे उंडा हाताखाली एकजीव होतो. थापलेली भाकरी तव्यावर पडली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो, ते पाणी सुकायच्या बेताला ती उलटायची, आणि मग आरावर शेकायची. सगळं जमलं तर ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. नाही जमलं तर नाही फुगत. निकाल तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत. पावाचं तसं नसतं. त्याचं कवच आधी रंगतं आणि पोट मागे राहतं. पोटाचं तापमान नव्वद अंशांच्या वर गेल्याशिवाय आतला लगदा धड बसत नाही, आणि ते गेलं की नाही हे बाहेरून कळत नाही. शिवाय नीट भाजताना पावाचं दहा-बारा टक्के वजन वाफ होऊन उडून जातं. म्हणजे लवकर बाहेर काढलेला पाव जळण वाचवतो, वेळ वाचवतो, वजनाला भरतो आणि वर मऊही लागतो. या मऊपणाबद्दल माझ्या मनात जुनी अढी आहे. जाहिरातीपासून पाहुणचारापर्यंत सगळीकडे मऊ म्हणजे चांगलं हे आपण मान्य करून टाकलं. गिऱ्हाईक लादी दाबून बघतं, बोट आत गेलं की खूश होतं. बेकरीवाला त्याला हवं तेच देतो.

इंग्लंडात १२६६ च्या सुमारास पावासाठी कायदा झाला. धान्याचा भाव जसा चढेल-उतरेल, तसं ठरावीक किमतीच्या पावाचं वजन ठरायचं आणि कमी भरलं तर बेकरीवाल्याला दंड व्हायचा. तेराव्या शतकातल्या या कायद्याचं केजच्या बाजारात काय काम, असं कोणी विचारेल. काम इतकंच, की राजाच्या माणसांनी वजन तपासलं तरी पावाच्या पोटातली ओल तराजूत भरल्या पावासारखीच दिसते. ती ओळखायला खाणाराच लागतो. आणि ही ओल केवळ चवीची बाब नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले, तेव्हा ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. ब्रोमेट पाव फुगवण्यासाठी घालतात. पुरेशा आचेवर त्याचा निरुपद्रवी ब्रोमाइड होतो, अर्धवट भाजलेल्या पावात ते तसंच उरू शकतं. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने त्यावर बंदी आणली. बंदी आली, पण नीट भाजण्याची सक्ती कुठल्या कायद्याने करायची?

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले. पुण्या-मुंबईत काही शे रुपये मोजून सावरडो पाव आणणाऱ्याने आतला भाग तपासावा. बाजाराच्या दिवशी पोरांच्या हातावर पाव ठेवणाऱ्या माणसाला ते कसं परवडेल? पण तो महागडा सावरडोही कित्येकदा आतून गचगचीत निघतो. त्याच्या कणकेत पाणी जास्त, ती तासन्‌तास आंबवलेली, तिला आच कडक लागते, आणि घेणारा तो चिकटपणा कारागिरीची खूण समजून कौतुकाने खातो. पैसा असून ओळख नसली की असं होतं. उलट बाजूचा पुरावा मराठवाड्यातच आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळाली. दुष्काळी कामांवर खडी फोडून, बांध घालून आलेल्या माणसांनी तिच्या भाकरी खाल्ल्या, कारण दुसरं काही नव्हतं. पण त्या भाकरीला चांगलं कोणी म्हटलं नाही. ती पिढी अजून मिलोचं नाव निघालं की तोंड वाकडं करते. भूक होती म्हणून पारख गेली नव्हती. मालदांडी ज्वारी कशी लागते हे ज्या जिभेला ठाऊक होतं, तिने मिलोला पोटात जागा दिली, मान दिला नाही. गरिबीने माणूस निवड गमावतो, चव नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि त्याने माझी मांडणी जरा वाकते. भाकरीची ही तीक्ष्ण पारख आपण चालवतो कोणावर? दिवाळीच्या पुढेमागे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागातले ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या पडतात. तिथली बाई पहाटेच्या अंधारात उठून दिवसभराच्या भाकरी थापते, कारण उजाडायच्या आत फडात जायचं असतं. रात्री गाडी भरायला उठावं लागलं तर झोपही पुरी झालेली नसते. वाऱ्यात जळण धड पेटत नाही, एखादी भाकरी करपते, एखादी कच्ची राहते. तिला बोल लागतोच, आणि ती बिघडलेली भाकरी बहुधा तिच्याच वाट्याला येते. म्हणजे फुकट राबणाऱ्या हाताला आपण चटकन नावं ठेवतो आणि रोख पैसे घेणाऱ्यापुढे गप्प बसतो. यात ओळखीचा प्रश्न आहे तसा हिमतीचाही आहे. गोव्यात पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, पोई नावाचा पाव हातात घेऊन, चाचपून, कडक हवा की मऊ हे गिऱ्हाईक दारातच सांगतं. तिथे माडाच्या सुरेने पीठ आंबवायची रीत मागे पडली, तरी हे बोलणं टिकलं. पाव आपल्याकडे उशिरा आला, दुकानातून आला, बांधून आला. त्याच्याशी भांडायची सवय आपल्याला लागलीच नाही.

तेव्हा घरच्या भाकरीला नावं ठेवणं थोडं आवरा आणि तो तोंडाचा पट्टा बाजारात सोडा. पैसे द्यायच्या आधी एक पाव मधोमध मोडायला सांगा. पोट बोटाला चिकटलं तर घेऊ नका, आणि बेकरीवाल्याला पाच मिनिटं जास्त भाजायला सांगा. तो पाव हाताला थोडा कडक लागेल, वजनाला हलका भरेल. तरी तोच घ्या.